माळ्यावर सापडलेल्या ६३ तबकड्या: स्पिरिट, साबण की नुसतं पाणी?

कौलारू

नमस्कार मंडळी,

राजापूरजवळच्या आमच्या घराची कौलं यंदा पावसाआधी परतायला काढली, त्यासाठी माळा रिकामा केला. तिथे आजोबांची शिसवी पेटी निघाली. कडी इतकी गंजलेली होती की उघडायलाच तास गेला. आत रेकॉर्ड्स. मोजल्या, ६३ भरल्या. निम्म्याहून जास्त जाड आणि जड, दहा इंची, खाकी कागदाच्या पाकिटांत. १७ मोठ्या एलपी पुठ्ठ्याच्या कव्हरांत, ७ छोट्या. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर दीनानाथ, केसरबाई अशी नावं लेबलांवर वाचता येतात. काही लेबलं ओलीने पार पुसट झाली आहेत.

सगळ्यांवर बुरशी आहे. कुठे पांढरे ठिपके, कुठे हिरवट जाळं, आणि पाकिटातून बाहेर काढताना बारीक पूड उडते. कसरीने पाकिटांच्या कडा खाल्ल्या आहेत. शेजारचे काका म्हणाले, सर्जिकल स्पिरिटने पुसून घे, बुरशी मरेल. आई म्हणते, साबणाच्या पाण्यात बुडवून काढ. मी अजून कशालाच हात लावलेला नाही. भाऊ पुण्याहून जुना रेकॉर्ड प्लेअर आणणार आहे.

आजोबा मी चार वर्षांची असताना गेले. त्यांचा आवाज मला आठवत नाही, पण ते काय ऐकायचे ते आता समोर आहे. माझ्या हातून यातली एकही खराब होऊ नये एवढंच वाटतं. कृपया सांगा, सुरुवात कुठून करू?

जुनाबाजार

ताई, स्पिरिटची बाटली आधी कपाटात ठेवा. बाकी सगळं सावकाश बोलू.

मी पुण्यात राहतो. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात तीस वर्षांहून जास्त काळ रेकॉर्ड्स धुंडाळतोय. सुरुवातीच्या दिवसांत तिथून केसरबाईंची एक तबकडी आणली होती. वर मातीचा थर, कडेला तेलाचे डाग. घरी येऊन कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि फिरवायला लागलो. बोळा काळा झाला. वाटलं, केवढी घाण निघतेय. दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तिसऱ्या वेळी बोटांना चिकट लागलं आणि लेबलाजवळ हात टेकला होता तिथे माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला. तेव्हा कळलं की घाण कधीच निघून गेली होती, मी तबकडीच पुसत होतो. त्या जागच्या खाचा गेल्या त्या गेल्याच. तबकडी अजून माझ्याकडे आहे. लावली की सुरुवात नीट ऐकू येते, आणि तान घेताघेता बाईंचा आवाज खरखरीत बुडून जातो.

तुमच्या त्या जाड, जड तबकड्या लाखेच्या आहेत. एलपी आणि छोट्या विनाइल नावाच्या प्लास्टिकच्या. दोन्हींची जात वेगळी, औषधही वेगळं. पहिलं काम म्हणजे दोन ढीग करा. खात्री नसेल तर बोटाच्या नखाने कडेवर हलकेच टिचकी मारा. लाखेची तबकडी खणखणीत, बशीसारखी वाजते. विनाइल मऊ, बद्द वाजतं. लेबलावर ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, असं असेल तर लाखेची समजून चला.

लिटमस

जुनाबाजार काकांना अनुमोदन. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून कारण सांगते.

लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्याने तयार केलेली राळ. फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर चपडा लाख कशात विरघळवतात? स्पिरिटमध्येच. तबकडीवर स्पिरिट फिरवणं म्हणजे तिचं पॉलिश करून टाकणं. सर्जिकल स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कोलोन, हँड सॅनिटायझर, काच पुसायचे फवारे, यातलं काहीही लाखेजवळ नको. फवाऱ्याच्या बाटलीवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय तेही वाचा.

शिवाय तबकडीत लाख कमीच असते. बाकी बहुतेक भाग दगडाची बारीक भुकटी, रंगासाठी काजळी, थोडे कापसाचे तंतू. ही भुकटी मुद्दाम घालत. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हायची, म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन लागायची. आपल्या दृष्टीने मुद्दा असा की ही भुकटी पाणी शोषते. लाखेची तबकडी पाण्यात भिजत ठेवली तर पृष्ठभाग पांढुरका पडतो. काही तबकड्यांत मधे कागदाचा गर असतो. त्यांना कडेला चीर असेल तर पाणी आत जाऊन थर सुटतात. त्यामुळे आई म्हणतात तसं बुडवणंही नको.

आणि ताई, बुरशीचं काम घरात करू नका. अंगणात किंवा पडवीत, कोरड्या दिवशी, वारा पाठीवर घेऊन. तोंडाला एन-९५ मास्क. ही पूड श्वासात जायला नको, आणि घरातल्या बाकीच्या पुस्तकांवर बसायलाही नको.

कौलारू

बापरे. स्पिरिटची बाटली खरंच आणून ठेवली होती. दोघांचेही मनापासून आभार.

ढीग केले. लाखेच्या ३८, एलपी १७, छोट्या ७. या झाल्या ६२. एक कशातच बसत नाही, तिच्याबद्दल नंतर विचारते. आधी लाखेच्या कशा धुवायच्या ते सविस्तर सांगाल का? माझ्याकडे कुठलंही मशीन नाही.

जुनाबाजार

मशीन लागत नाही. मी स्वतः पोळपाट वापरतो.

आधी कोरडं काम. शेळीच्या केसांचा किंवा अगदी मऊ रंगाचा ब्रश घ्या, नवा. तबकडी कडेला आणि लेबलाला धरा, खाचांवर बोट नको. खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, बुरशी झाडा. आडवा हात मारला तर भुकटी खाचांवरून घासत जाते. नुसत्या झाडण्याने बरीच बुरशी जाते, आणि काही तबकड्यांना पाणी लागतच नाही. ज्यांना लागत नाही त्यांना लावू नका.

ज्यांना लागेल त्यांच्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणा. गाडीच्या बॅटरीचं सामान विकणाऱ्यांकडे पाच लिटरचा कॅन मिळतो. कॅनवर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड वॉटर लिहिलेलं बघून घ्या, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये असतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वाळलं की क्षार मागे राहतात. तुमच्या स्टीलच्या तांब्यावर जे पांढरे डाग पडतात तेच खाचेत बसतात.

पोळपाटावर जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा चौपदरी घडी करून ठेवा. त्यावर तबकडी. दहा इंची तबकडी पोळपाटाच्या जरा बाहेर येते, ते सोयीचं पडतं. कडेला धरून फिरवता येते आणि पाणी बाहेरच्या बाजूला ठिबकतं. अर्धा लिटर पाण्यात बिनरंगी, बिनवासाच्या भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जास्त नको. मऊ ब्रश त्यात बुडवून निथळवा आणि लेबल सोडून गोल फिरवा. दोन-तीन फेऱ्या. लगेच स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने साबण टिपा, दुसऱ्या कापडाने पुन्हा टिपा. पाणी लागल्यापासून टिपून होईपर्यंत एका बाजूला दोन मिनिटांच्या वर वेळ जाऊ देऊ नका. मग कोरडी मलमल.

लेबलाला पाणी लागलं तर चोळू नका, टिपकागद नुसता दाबा. जुनी शाई आणि जुना कागद दोन्ही चटकन सुटतात.

वाळायला ताटाळं उत्तम. पण स्टीलच्या तारा उघड्या ठेवू नका. तारांवर कापडाच्या पट्ट्या गुंडाळा आणि दोन तबकड्यांत एक घर मोकळं सोडा. उन्हात अजिबात नको. लाख उन्हाने मऊ पडते आणि तबकडी पापडासारखी वाकते. सावलीत चार तास तरी, आणि दमट दिवस असेल तर रात्रभर. पूर्ण वाळल्याशिवाय कागदात घालू नका.

सुरुवात अशा तबकडीने करा जिला आधीच चीर गेली आहे. हात बसू दे, मग केसरबाईंकडे वळा.

कौलारू

आज पहिली धुतली. कडेला तुकडा उडालेली एक होती, तीच घेतली.

कोरडा ब्रश फिरवताना वाटलं की काही उरलंच नाही. पण टॉर्च आडवा धरून पाहिलं तर खाचांच्या तळाशी करड्या रेघा दिसत होत्या. मग पाणी. पहिल्या कापडावर चहाच्या गाळासारखा तपकिरी पट्टा उमटला, गोलाईत, अगदी तबकडीच्या आकाराचा. दुसऱ्या कापडावर फिकट. तिसरं स्वच्छ. वाळल्यावर तबकडी काळीभोर झाली आणि तिच्यात खिडकीचे गज दिसायला लागले. आईने मागून पाहिलं आणि म्हणाली, बाबांच्या वेळी अशीच दिसायची.

एका जागी मात्र नखाएवढा डाग राहिला आहे. पाण्याने जात नाही. चमक नाही, मातकट आहे. आणखी चोळू का?

लिटमस

चोळू नका. तो डाग बुरशीचा नाही, बुरशीने खाल्लेल्या जागेचा आहे. बुरशी वाढताना आम्ल सोडते, त्याने पृष्ठभाग कोरला जातो. घाण काढता येते, गेलेली लाख परत आणता येत नाही. वाजवाल तेव्हा दर फेरीला तिथे फस्स असा आवाज येईल. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला एकाहून थोडा जास्त. गाणं त्याच्या पलीकडे ऐकू येतं.

फिरकी३३

मी ठाण्यात असतो, माझ्याकडे फक्त एलपी आहेत, म्हणून त्या १७ बद्दल बोलतो.

विनाइलला पाण्याचं भय नाही. लेबल वाचवून तुम्ही ते निर्धास्त धुऊ शकता. खाच मात्र फार बारीक असते. हिशेब करून पाहा. एका बाजूला २२ मिनिटं धरली तर ७३३ फेरे होतात आणि सुईचा प्रवास जवळजवळ अर्धा किलोमीटर. लाखेच्या तबकडीत तीन मिनिटांत सव्वाशे मीटर. म्हणजे एलपीच्या खाचेत अडकलेला कण मोठा दगड ठरतो. कोरडं फडकं फिरवलं तर धूळ आणखी खोल दाबली जाते आणि विनाइलवर स्थिर वीज तयार होऊन नवी धूळ ओढली जाते. म्हणून रोजच्या वापराला कार्बन फायबरचा ब्रश घ्या. तबकडी फिरत असताना दोन फेऱ्या नुसता टेकवायचा, मग सावकाश बाहेरच्या बाजूला काढून घ्यायचा.

बुरशी आणि बोटांचे तेलकट डाग असतील तर डिस्टिल्ड वॉटर आणि साबणाचे दोन थेंब, वर काकांनी सांगितलं तेच. फक्त इथे भरपूर पाणी वापरा आणि नंतर साध्या डिस्टिल्डने नीट खळबळा. साबणाचा अंश राहिला तर तो सुईला चिकटतो. फारच तेलकट असेल तर पाण्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं आयसोप्रोपिल चालतं, विनाइलला. ढीग मात्र एकत्र ठेवू नका, बाटलीवर मोठ्या अक्षरांत एलपी लिहा.

अजून एक उपाय म्हणजे सुतारकामाचा पांढरा गोंद. एलपीवर जाड थर पसरायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी साल काढल्यासारखा ओढून घ्यायचा. खाचेच्या तळाची घाण घेऊन येतो. मी चार-पाच रेकॉर्ड्सवर केलं आहे आणि फरक स्पष्ट कळतो.

जुनाबाजार

फिरकी, गोंदाबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही, आणि नवीन माणसाला तर मुळीच सुचवणार नाही. माझा थर एका जागी पातळ राहिला होता. सकाळी ओढताना तिथेच फाटला आणि सुरुवातीच्या खाचांत पांढरे धागे अडकले. ते काढण्यात अख्खी दुपार गेली, आणि काढताना दोन ओरखडे उठले ते वेगळेच. जी एलपी पाण्याने साफ होत नाही, ती बहुतेक वेळा घाणीने नाही तर झिजेने खरखरते. जुन्या जड सुईने खाचेची भिंतच घासलेली असते. तिथे गोंद काय करणार?

लाखेवर तर गोंद कदापि नको. रात्रभर ओल, आणि ओढताना तबकडीच मोडायची.

फिरकी३३

काका, झिजेचा मुद्दा मान्य. थर जाड असेल तर फाटत नाही हा माझा अनुभव, पण ताईंनी पहिल्याच खेपेला ते करू नये हे पटलं. उपाय म्हणून मी तो मागे घेतो.

सातासमुद्र

न्यू जर्सीहून वाचतेय, फार जिव्हाळ्याचा धागा. आमच्याकडे त्रास उलटा आहे. हिवाळ्यात घर तापवलं की हवा इतकी कोरडी होते की पाकिटातून एलपी काढताना चटचट आवाज येतो आणि केसभर धूळ येऊन बसते. बाबांच्या नाट्यसंगीताच्या एलपी मी सामानातून थोड्या थोड्या करून इथे आणल्या. दोन गोष्टींनी फरक पडला. आतली कागदी पाकिटं काढून पातळ पॉलिथिनची, वीज न धरणारी पाकिटं घातली, आणि खोलीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलं. चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल तर एलपी शांत राहते.

जाड, मऊ, चिकट प्लास्टिकची कव्हरं असतील तर ती आधी काढा. ते पीव्हीसी असतं. वर्षानुवर्षं चिकटून राहिलं की विनाइलवर धुकं उतरल्यासारखा थर येतो आणि तो धुऊन जात नाही. माझ्या तीन एलपी अशा गेल्या.

कौलारू

सातासमुद्र ताई, सहा एलपींवर नेमकी तीच कव्हरं होती, आज काढली. दोनवर धुकट डाग आहेत, बाकीच्या वाचल्या.

आता त्या ६३ व्या तबकडीबद्दल. छापील लेबल नाही. साधा पांढरा कागद, त्यावर शाईने आजीच्या धाकट्या भावाचं नाव आणि खाली ‘मुंबई’. ते मुंबई रेडिओवर गात असत एवढं घरात ऐकलेलं आहे. त्यांचा फोटो एकच आहे, आवाज कुणाकडेच नाही. तबकडी दहा इंची, पण लाखेच्या मानाने हलकी. मधल्या भोकाच्या कडेला चंदेरी धातू दिसतो, आणि मुख्य भोकाशेजारी आणखी एक छोटं भोक आहे. वर पांढरा थर आहे, पण बुरशीसारखा ठिपक्यांचा नाही. बोट टेकवलं तर मेणचट लागतो. पोळपाट मांडून ठेवलाय, उद्या सकाळी हिला धुणार होते.

लिटमस

कौलारू ताई, कृपया धुऊ नका. हे वाचलंत की लगेच कळवा.

ही कारखान्यात छापलेली तबकडी नाही, जागेवर कोरलेली आहे. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ लेप असतो आणि गाताना यंत्राची कोरणी थेट त्या लेपात खाच पाडते. टेप येण्याआधी रेडिओ केंद्रांत आणि स्टुडिओत अशा तबकड्या वापरत. बाजूचं छोटं भोक कोरताना तबकडी घसरू नये म्हणून असतं. हिच्या प्रती नसतात. तुमच्या हातात आहे ती एकच.

तो मेणचट थर म्हणजे पामिटिक ॲसिड. लेप लवचिक राहावा म्हणून त्यात एरंडेल घालत. वर्षं गेली की ते फुटून हे आम्ल वर येतं. त्याच वेळी लेप आकसतो, पण खालचा धातू आकसत नाही. त्यामुळे लेपाला तडे जातात आणि पापुद्रे सुटतात. पाणी त्या तड्यांतून आत गेलं तर लेप उचलला जाईल. स्पिरिटने तो विरघळेल. या तबकडीला घरी काहीच करायचं नाही, ब्रशसुद्धा नाही.

जुनाबाजार

लिटमस ताईंनी लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द पाळा. आणि ती प्लेअरवरही लावू नका. एकदा ऐकून बघू असं मनात येणारच, मला कळतं ते. पण लेप मऊ असतो, प्रत्येक वेळी सुई त्यातलं थोडं थोडं खरवडून नेते. अशी तबकडी एकदाच वाजावी, आणि ती वाजेल तेव्हा समोर नीट ध्वनिमुद्रण चालू असावं.

आज एवढंच करा. टॉर्च आडवा धरून बघा, कुठे लेप उचललेला दिसतो का. उचललेला नसेल तर कोऱ्या कागदाच्या पाकिटात उभी ठेवा. उचललेला असेल तर आडवी ठेवा, वर कसलंही वजन नको. लेबलाचे आणि तबकडीचे फोटो काढा. लेबलाशेजारच्या मोकळ्या पट्टीवर काही आकडे कोरलेले असतील तर तेही टिपून घ्या.

मग जाणकारांकडे जा. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. जुन्या तबकड्यांचा अभ्यास करणारी माणसं तिच्यामुळे एकत्र आली. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं ध्वनिसंग्रहालय आहे, १९८२ पासूनचं. तिथे हे काम कळणारी माणसं आहेत. आधी पत्र लिहून फोटो पाठवा, तबकडी कुरिअरने पाठवू नका.

कौलारू

वाचलं. पोळपाट आवरला. हात थरथरत होते, खरं सांगते. टॉर्चने पाहिलं, कडेला एका जागी केसासारखी चीर आहे, पण लेप अजून धरून आहे. पट्टीवर हाताने कोरलेले चार आकडे आहेत, फोटोत नीट आले. पत्र उद्या लिहिते.

मेस्त्री_सावंतवाडी

मी लाकडाचं काम करतो, ठेवण्याबद्दल थोडं लिहितो. ताई, त्या पेटीत तबकड्या आडव्या रचलेल्या होत्या ना? तसं परत ठेवू नका. खालच्यांवर सगळं वजन येतं. लाखेच्या मोडतात, एलपी वाकतात. उभ्या ठेवायच्या, पण कलंडलेल्या नकोत. दर पंधरा-वीस सेंटिमीटरला फळकुटाचा आडोसा द्या. दहा इंची आणि बारा इंची एका खणात मिसळू नका, मोठ्या तबकडीच्या मधोमध छोटीची कड रुतते.

आणि फळी मजबूत घ्या. कव्हरासकट शंभर एलपी म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास वजन, लाखेच्या तर त्याहून जड. कोकणात बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, पावसात ती भिंत पाझरते. आतल्या भिंतीला, भिंतीपासून चार बोटं सुटं, जमिनीपासून वीतभर वर. डांबराच्या गोळ्या नकोत, तो वास कागदात मुरतो आणि जात नाही. पावसाळ्यापुरतं झाकणाच्या प्लास्टिक खोक्यात सिलिका जेल घालून ठेवलं तरी चालेल. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात. ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका.

कौलारू

मेस्त्री दादा, हो, आडव्याच होत्या. सगळ्यात खालच्या दोन मोडल्या आहेत. जुन्या खाकी पाकिटांचं काय करू? काहींवर मुंबईतल्या आणि कोल्हापुरातल्या दुकानांचे शिक्के आहेत.

जुनाबाजार

पाकिटं टाकू नका, पण तबकड्या त्यांत ठेवूही नका. तो कागद आम्लधर्मी असतो आणि बुरशीची बीजं त्यातच असतात. कोरडी झाडून, एकेक सुटी करून वेगळ्या खोक्यात ठेवा. कुठली तबकडी कुठल्या पाकिटात होती ते पेन्सिलीने नव्या पाकिटावर लिहा. आजोबा कुठे, कुठल्या दुकानात गेले होते ते त्यावरून कळतं. मोडलेल्या तबकड्यांचे तुकडे सांभाळा, घरी चिकटवू नका.

ज्यांची लेबलं पुसट झाली आहेत, त्यांच्या लेबलाभोवतीच्या मोकळ्या पट्टीवर टॉर्च आडवा धरा. दाबलेले आकडे दिसतील. त्यांवरून गाणं आणि गाणारा दोन्ही शोधता येतात. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडच्या याद्यांत बघतो.

भाऊ प्लेअर आणतील तेव्हा एक गोष्ट तपासा. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला तीन मिलची, म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. स्टीरिओ एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास. जुन्या प्लेअरांत सुईशेजारी छोटी कळ असते. ती फिरवली की एकीकडे ७८ची, दुसरीकडे एलपीची सुई येते. एलपीची सुई लाखेच्या तबकडीवर टेकवली तर ती खाचेच्या तळाला जाऊन कचरा उकरत बसते. उलट केलंत तर एलपी खराब होते. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कुणालाही लावू देऊ नका. पोलादी पिन आणि वरचं वजन एका फेरीत खाच सोलून काढतात.

जुन्या प्लेअरची सुई मात्र बदलाच. सुई झिजली असेल तर धुतलेल्या तबकडीचाही उपयोग नाही. सुई साफ करताना ब्रश नेहमी मागून पुढे, तबकडी ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने. पुढून मागे ओढलात तर दांडीच वाकते.

कौलारू

उशिरा लिहितेय, मधे बरंच झालं.

भावाने प्लेअर आणला. कळ होती, ७८ ची सुई गुळगुळीत झाली होती, ती बदलून घेतली. तोवर लाखेच्या २१ तबकड्या आणि सगळ्या एलपी धुऊन झाल्या होत्या. नऊ तबकड्यांना नुसता कोरडा ब्रश पुरला, काका, तुम्ही म्हणालात तसं. मग मृग लागला आणि हवा इतकी दमट झाली की ताटाळ्यातली तबकडी सकाळपर्यंत वाळेना. म्हणून थांबले. मोडक्या दोन वगळून लाखेच्या सहा उरल्या आहेत. त्या आणि मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या सातही झाडून, नव्या पाकिटांत घालून, सिलिका जेलच्या खोक्यात उभ्या ठेवल्या आहेत. आता दसऱ्यानंतर.

पहिली लावली ती हिराबाईंची. आधी नुसती खरखर आली, तेलात पाणी पडल्यासारखी, आणि मग तिच्यातून आवाज वर आला. इतका स्वच्छ येईल असं वाटलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली. तीन मिनिटांनी गाणं संपलं, सुई मधल्या खाचेत फिरत राहिली तरी कुणी उठलं नाही. मग आई म्हणाली, दुसरी बाजू लाव.

पुसट लेबलाच्या चार तबकड्यांचे आकडे जुनाबाजार काकांना व्यनि केले होते. तीन ओळखल्या गेल्या, चौथीचा शोध चालू आहे. त्या ६३ व्या तबकडीच्या पत्राला उत्तर आलं आहे. त्यांनी आणखी फोटो मागितले आहेत, चिरेचा जवळून एक आणि मागच्या बाजूचे दोन. ते आज संध्याकाळी काढते, दिवेलागणीआधी, उजेड आहे तोवर.

लिटमस

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, आणि तबकडी हातात धरण्याऐवजी कोऱ्या कागदावर आडवी ठेवून काढा. बाजू पलटताना पाकिटासकट पलटा. उत्तर आलं की इथे नक्की लिहा.